तौबा केली, आता बसावे कोणाजवळ?

अल्लाहचे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात मदीनेत एक सहाबी होते. आपल्या विनोदाने ते प्रेषितांना हसवीत असत. मद्यपानाबद्दल त्यांना एकाहून अधिक वेळा शिक्षा झाली होती. पुन्हा एकदा त्यांना आणले गेले, तेव्हा उपस्थितांपैकी एकाने त्यांना शाप दिला. प्रेषितांनी (स.) त्याला तत्काळ अडविले आणि या माणसाचे अल्लाहवर व त्याच्या प्रेषितावर प्रेम आहे, अशी ग्वाही दिली. सहीह बुखारीतील ही हदीस आपल्या जलशांतून क्वचितच ऐकू येते. मद्य निषिद्ध ठरविणाऱ्या सूरह माइदाच्या आयती मात्र आपणांस पाठ असतात, आणि त्या असाव्यातच.

हिवरखेडला इशाच्या नमाजनंतर मशीद रिकामी झाल्यावर एक गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले. त्यांची ओळख पटेल असे काहीही येथे लिहीत नाही. अनेक वर्षांचे दारूचे व्यसन त्यांनी सांगितले. मी त्यांना तौबा करावयास लावली आणि उद्यापासून एक थेंबही घेऊ नका, असे बजावून घरी पाठविले. त्यांनी शब्द पाळला. तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, भास होऊ लागले, रात्री झटके आले आणि घरच्यांनी त्यांना रुग्णालयात नेले. त्यांची तौबा खरी होती, माझा सल्ला अपुरा होता. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबविली तर पहिले काही दिवस जिवाला धोका असू शकतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. दारू सोडायचीच आहे, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

बरे होऊन ते पुन्हा आले, ते एक प्रश्न घेऊन : ‘‘मौलाना, दारू सोडलेल्या लोकांची मीटिंग असते म्हणे. तिथं गेलो तं चालते काय?’’

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज हवे आहे. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या नावाने ओळखली जाणारी ही संगत १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरी दोन व्यसनी माणसांच्या भेटीतून सुरू झाली. त्यांपैकी एक स्वतः शल्यचिकित्सक होते. सभेत शुल्क नसते आणि आडनाव विचारले जात नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. एकेक जण आपली हकीकत सांगतो, बाकीचे ऐकतात. आजचा एक दिवस न पिता काढायचा, असा निश्चय असतो. आपल्या महाराष्ट्रात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथेही उपचारानंतरच्या संगतीला मोठे स्थान आहे.

शंका अशी येते की, अल्लाहने झाकलेले पाप चारचौघांत उघडे करणे निषिद्ध असताना या सभेत ते सांगावे कसे? शंका रास्त आहे. परंतु निषेध आहे तो पापाची फुशारकी मारण्याचा, निर्लज्जपणे ते मिरविण्याचा. रमजानच्या दिवसा रोजा मोडलेला एक माणूस प्रेषितांकडे (स.) आला आणि आपण बरबाद झालो म्हणत त्याने आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगितली. त्याला झिडकारले गेले नाही. प्रायश्चित्ताचे एकामागून एक मार्ग सांगितले गेले आणि ते त्याच्या आवाक्याबाहेरचे निघाले, तेव्हा खजुरांची टोपली त्याच्या हाती दिली गेली. उपायासाठी सांगणे वेगळे, मिरविणे वेगळे. सभेत परधर्मीय प्रार्थना झाली तर आपण स्तब्ध राहून मनात आपली दुआ करावी. तेवढ्यासाठी सभा टाळावी, असे मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मद्यबंदीची आज्ञा आली, तेव्हा मदीनेच्या गल्ल्यांतून दारू वाहिली. प्रत्येकाला शेजाऱ्याचे भांडेही रिते होताना दिसत होते. आपला हा गृहस्थ मात्र एकटाच सोडतो आहे, आणि सायंकाळी जुने सोबती चौकात उभेच असतात.

सभा शोधण्यासाठी १४४४६ हा शासनाचा निःशुल्क क्रमांक आहे. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयातील मानसोपचार विभागात उपचारही होतात आणि चौकशीही करता येते. सभेचा वार व जागा बदलू शकते, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून खात्री करावी. गावात ओळखीचे कोणी भेटेल या भीतीने दूरच्या शहरी जाणे गैर नाही. पुढे गावातच दोन-तीन जण तयार झाले तर त्यांचाही गट होऊ शकतो. पत्नी व मुलांसाठी १९५१ पासून ‘अल-अनॉन’ नावाची स्वतंत्र संगत आहे. भगिनींनी तिची चौकशी अवश्य करावी, कारण मार त्यांनीही सोसलेला असतो.

शाममधील एक मनुष्य दारूच्या आहारी गेल्याचे कळताच हजरत उमर (रजि.) यांनी त्याला सूरह गाफिरच्या आरंभीच्या आयती पत्राने कळविल्या आणि सोबत्यांना त्याच्यासाठी दुआ करावयास सांगितले. इब्ने कसीर यांच्या तफसीरमध्ये हा प्रसंग आहे. ते पत्र पुन्हा पुन्हा वाचून तो माणूस परतला.

आमचे गृहस्थ पहिल्या सभेला एकटे जाण्यास धजेनात. आम्ही आकोटमार्गे एस.टी.ने अकोल्यास गेलो. ती सभा केवळ व्यसनाशी झगडणाऱ्यांसाठी होती. ते आत गेले, मी असरची अजान होईपर्यंत बाहेरच्या कट्ट्यावर बसलो.