लघुउद्योगाचे ऑनलाइन दुकान : मंचाची निवड आणि तिचे अर्थशास्त्र

ई-वाणिज्याविषयीची आपल्याकडील चर्चा बहुधा मोठ्या कंपन्या, परकीय गुंतवणूक आणि सणासुदीच्या सवलती यांभोवती फिरत असते. या व्यवस्थेच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला लहान विक्रेता त्या चर्चेत अभावानेच आढळतो. त्याच्यापुढील प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो : आपला माल इंटरनेटवर विकायचा तर कोणत्या मंचावर? प्रत्यक्षात हा प्रश्न भांडवल, कर आणि बाजारातील सत्ता यांचा आहे. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासकांनी तो त्याच दृष्टीने समजून घ्यावयास हवा, कारण परकीय गुंतवणूक धोरण, वस्तू व सेवा कर, ग्राहक संरक्षण आणि स्पर्धा कायदा हे एरवी स्वतंत्रपणे अभ्यासले जाणारे विषय येथे एकाच व्यवहारात एकत्र येतात.

विवेचनासाठी एक ठोस उदाहरण घेऊ. कर्नाटकात बेंगळुरू–म्हैसूर मार्गावर चन्नपट्टण हे गाव लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. ‘आले मारा’ या हलक्या लाकडाला कातावर आकार देऊन, फिरत्या लाकडाच्या घर्षणाने निर्माण होणाऱ्या उष्णतेत लाखेचा रंग चढविला जातो. या खेळण्यांना भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण आहे. तेथील चार-पाच कारागिरांच्या एखाद्या कारखान्याने ऑनलाइन विक्रीचे ठरविले, तर त्याच्यापुढे साधारणतः तीन मार्ग असतात. पहिला, अॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांसारख्या बाजारपेठेत विक्रेता म्हणून नाव नोंदविणे. दुसरा, स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ उभारणे. यातही दोन प्रकार आहेत : कॅनडातील शॉपिफायसारख्या कंपनीची तयार यंत्रणा मासिक भाड्याने घेणे, किंवा वर्डप्रेसवर चालणाऱ्या वूकॉमर्ससारख्या मुक्त स्रोत प्रणालीवर दुकान बांधून ते आपल्या सर्व्हरवर ठेवणे. तिसरा मार्ग डिजिटल वाणिज्याच्या खुल्या जाळ्याचा, म्हणजेच ओएनडीसीचा.

सैद्धांतिक पार्श्वभूमी

रोनाल्ड कोझ यांनी १९३७ च्या आपल्या निबंधात असे दाखविले की, बाजाराचा वापर फुकट नसतो. ग्राहक शोधणे, त्याचा विश्वास मिळविणे, पैसे वसूल करणे या प्रत्येकाला खर्च पडतो. बाजारपेठ आकारते ते कमिशन हे या व्यवहार खर्चाचेच मोल होय. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये मांडलेला माहितीच्या असमतोलाचा सिद्धांतही येथे लागू पडतो. न पाहिलेले खेळणे अनोळखी विक्रेत्याकडून का घ्यावे, या शंकेचे निरसन बाजारपेठ तारांकित मूल्यांकने आणि परतीच्या हमीद्वारे करते.

तथापि बाजारपेठ हा द्विपक्षी बाजार असतो. रोशे आणि तिरोल यांनी २००३ मध्ये विशद केल्याप्रमाणे, अशा बाजारात ग्राहक जितके अधिक तितके विक्रेते अधिक आणि विक्रेते जितके अधिक तितके ग्राहक अधिक, असे चक्र निर्माण होते. त्यामुळे मंच एका बाजूला सवलत देऊन दुसऱ्या बाजूकडून शुल्क वसूल करू शकतो. ग्राहकाला मोफत पोच मिळते तेव्हा तिचा भार कोठेतरी पडलेलाच असतो. ऑलिव्हर विल्यमसन यांची मत्ता-विशिष्टतेची संकल्पना त्याहून महत्त्वाची वाटते. विक्रेत्याने तीन वर्षांत मिळविलेली हजार अनुकूल मूल्यांकने ही त्याची मत्ताच आहे. पण ती त्या मंचाबाहेर नेता येत नाही. शुल्क वाढले तरी तो सहजासहजी निघून जाऊ शकत नाही. पाठ्यपुस्तकातील ‘स्थलांतर खर्च’ तो हाच.

एक साधे गणित

आता आकडे मांडून पाहू. ते केवळ उदाहरणादाखल असून त्यांत कर धरलेला नाही. खेळण्यांच्या एका संचाची किंमत ६०० रुपये आणि उत्पादन व वेष्टनाचा खर्च ३४० रुपये मानू. विक्रीखर्चापूर्वी २६० रुपये उरतात. बाजारपेठेत १५ टक्के कमिशनचे ९०, प्रति मागणी ठराविक शुल्काचे २० आणि पोचवणुकीचे ६० असे १७० रुपये गेल्यास हाती ९० रुपये राहतात. स्वतःच्या दुकानात कुरिअरला ८० रुपये लागतील, कारण थोड्या मालाला घाऊक दर मिळत नाही; पेमेंट गेटवेचे दोन टक्के म्हणजे १२ रुपये. येथे १६८ रुपये उरतात. फरक ७८ रुपयांचा. मात्र यंत्रणेचे भाडे, छायाचित्रे आणि देखभाल मिळून महिना ३,९०० रुपये स्थिर खर्च येतो असे धरल्यास, ३,९०० भागिले ७८ म्हणजे महिना ५० मागण्यांवर दोन्ही मार्ग समान ठरतात आणि त्यापुढे स्वतःचे दुकान अधिक किफायतशीर होते.

बरेचसे मार्गदर्शक येथेच थांबतात आणि नवा उद्योजक फसतो तोही येथेच. वरील गणितात ग्राहक आपोआप येतो असे गृहीत आहे. प्रत्येक मागणीमागे जाहिरातीवर ५० रुपये खर्चावे लागले तर फरक २८ रुपयांवर येतो आणि समानतेसाठी सुमारे १४० मागण्या लागतात. जाहिरातखर्च ७८ रुपये किंवा अधिक झाल्यास कितीही विक्री झाली तरी स्वतःचे दुकान बाजारपेठेच्या पुढे जाऊ शकत नाही. याउलट निम्म्या मागण्या जुन्या ग्राहकांकडून, म्हणजे जाहिरातीवाचून आल्या, तर सरासरी जाहिरातखर्च २५ रुपयांवर येऊन ७४ मागण्या पुरेशा होतात. तेव्हा निर्णायक आकडा कमिशनचा नसून ग्राहक मिळविण्याच्या खर्चाचा आणि तो ग्राहक परत येण्याच्या प्रमाणाचा आहे. लोणची, मसाले, चहा यांचा ग्राहक दर महिन्याला परततो. खेळण्यांचा ग्राहक मूल मोठे झाले की दुरावतो. भेटवस्तू म्हणून होणारी खरेदी हाच काय तो आधार.

घरपोच पैसे देण्याच्या पद्धतीचा हिशेबही वेगळा करावा लागतो. दहापैकी एक पार्सल ग्राहकाने नाकारले, तर जाण्या-येण्याचे १६० रुपये उरलेल्या नऊ मागण्यांवर पडतात, म्हणजे प्रत्येकी जवळजवळ १८ रुपये. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरील व्यापारी सवलत दर १ जानेवारी २०२० पासून शून्य करण्यात आला असला, तरी मध्यस्थ पेमेंट कंपन्या आपल्या सेवेचे शुल्क आकारू शकतात. ‘यूपीआय फुकट आहे’ एवढ्यावर विसंबून अंदाजपत्रक करणे योग्य नव्हे. काही बाजारपेठांनी कमी किमतीच्या वस्तूंवरील कमिशन शून्य केल्याचे जाहीर केले आहे. त्याबाबतही पोचवणूक आणि ठराविक शुल्क कायम आहे काय, हे तपासावे लागते.

कराची बाजू

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला, तेव्हा ई-वाणिज्य मंचावरून वस्तू विकणाऱ्यास उलाढाल कितीही असली तरी नोंदणी सक्तीची होती. शेजारच्या किरकोळ दुकानदाराला उलाढालीच्या मर्यादेचा लाभ आणि तीच वस्तू ऑनलाइन विकणाऱ्याला नाही, ही विसंगती होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून ती अंशतः दूर झाली असून, मर्यादेखालील विक्रेत्यास राज्यांतर्गत विक्री नोंदणीविना करता येते. वस्तूंसाठी ही मर्यादा सर्वसाधारणपणे ४० लाख रुपये असून काही राज्यांत ती कमी आहे. आंतरराज्य विक्रीला मात्र ही सूट नाही. चन्नपट्टणच्या कारखान्याला मंचावरून म्हैसूरला माल धाडता येईल, पण नागपूरला धाडायचा तर नोंदणी हवी. स्वतःच्या संकेतस्थळावरूनही आंतरराज्य विक्री केल्यास हाच नियम लागू होतो. ठराविक हस्तकला वस्तूंना तेवढी मर्यादित सवलत आहे.

नोंदणी टाळणे नेहमीच फायद्याचे असते असेही नाही. मंचाच्या १७० रुपयांच्या शुल्कावर १८ टक्क्यांनी ३० रुपये ६० पैसे कर लागतो. नोंदणीकृत विक्रेत्याला त्याची वजावट मिळते, तर अनोंदणीकृत विक्रेत्याला तो खर्च म्हणून सोसावा लागतो आणि ९० रुपयांचे ५९ रुपये ४० पैसे होतात. याशिवाय नोंदणीकृत विक्रेत्याच्या देय रकमेतून मंच स्रोतावर कर संकलित करतो. १ ऑक्टोबर २०१८ पासून एक टक्का असलेला हा दर १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का करण्यात आला. आयकराच्या स्रोतावरील कपातीचा, म्हणजे १९६१ च्या कायद्यातील कलम १९४-ओ चा दरही १ ऑक्टोबर २०२४ पासून एक टक्क्यावरून ०.१ टक्का झाला. या रकमा पुढे जमा मिळतात, पण तोवर खेळते भांडवल अडकते. नफा पुस्तकात दिसत असता लाकूड खरेदीला रोकड नसते, अशी अवस्था लहान उद्योगात नवी नाही.

नियमनाची चौकट

परकीय गुंतवणुकीविषयी विद्यार्थ्यांचा एक घोटाळा वारंवार दिसून येतो. २०१६ च्या प्रेस नोट ३ नुसार बाजारपेठ प्रारूपात स्वयंचलित मार्गाने १०० टक्के परकीय थेट गुंतवणुकीस मुभा असून साठा प्रारूपात ती नाही. परंतु साठा प्रारूप हे बेकायदा नव्हे. निर्बंध परकीय गुंतवणुकीवर आहे. भारतीय मालकाने आपला माल आपल्या संकेतस्थळावरून विकणे हे साठा प्रारूपच होय. डिसेंबर २०१८ मध्ये निघून १ फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आलेल्या प्रेस नोट २ ने मंचाचे भागभांडवल असलेल्या कंपनीस त्याच मंचावर विक्री करण्यास आणि विक्रेत्यावर ‘केवळ आमच्याकडेच विका’ अशी अट घालण्यास मनाई केली. भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ई-वाणिज्य बाजार अभ्यासात मंचाची तटस्थता, एकतर्फी करार आणि मोठ्या सवलती हे चिंतेचे विषय म्हणून नोंदविले आहेत. लहान विक्रेत्याची सौदाशक्ती किती अल्प आहे, हे त्यावरून कळते.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावयास हवे. बाजारपेठेत या यंत्रणेचा भार मुख्यतः मंच उचलतो. स्वतःच्या दुकानात तो उद्योजकावर येतो. कार्डाची माहिती साठविण्यास व्यापाऱ्याला १ ऑक्टोबर २०२२ पासून मनाई आहे, त्यामुळे मान्यताप्राप्त पेमेंट कंपनीची सेवा घेणे हाच मार्ग उरतो. खेळण्यांच्या बाबतीत आणखी एक नियम आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह सक्तीचे झाले. मात्र हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांची व भौगोलिक निर्देशन लाभलेली उत्पादने त्यातून वगळण्यात आली. ही सूट मिळविण्याची कागदपत्रे हाताशी नसतील, तर मंचावर माल नोंदवितानाच अडचण येऊ शकते.

खुले जाळे आणि शासकीय खरेदी

ओएनडीसी ही कंपनी ३१ डिसेंबर २०२१ रोजी ना-नफा तत्त्वावर स्थापन झाली आणि २९ एप्रिल २०२२ रोजी दिल्ली परिसर, बेंगळुरू, भोपाळ, शिलाँग व कोइम्बतूर येथे तिचा प्रायोगिक प्रारंभ झाला. ते स्वतः दुकान नाही. विक्रेता एका अॅपवर, ग्राहक दुसऱ्या अॅपवर आणि पोचवणूक तिसऱ्याकडे, असे असूनही समान नियमावलीमुळे व्यवहार पुरा होतो. यूपीआयने बँकांच्या बाबतीत जे साधले त्याचीच ही वाणिज्यातील आवृत्ती, असे म्हटले जाते. ही तुलना मला अपुरी वाटते. पैसे हस्तांतरित झाले की व्यवहार संपतो. खेळणे फुटलेले निघाले तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तेथेच सुरू होतो. तरीही एका अॅपवर मूठ बांधून राहण्याची गरज न उरणे, हा विक्रेत्याच्या दृष्टीने खरा लाभ आहे. सूक्ष्म व लघुउद्योगांना या जाळ्यावर आणण्यासाठी जून २०२४ मध्ये ‘एमएसएमई टीम’ हा उपक्रम सुरू झाला. ५ लाख उद्योग हे त्याचे लक्ष्य असून त्यांपैकी निम्मे महिलांचे असावेत, असे ठरविण्यात आले आहे. ९ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झालेला जेम हा मंच मात्र शासकीय खरेदीसाठी आहे. अंगणवाडीला खेळणी पुरवायची असतील तर तो, घरगुती ग्राहकासाठी नव्हे.

स्वतःचे दुकान उभारणाऱ्याने करारापूर्वी काही गोष्टी लेखी पाहाव्यात. डोमेन नाव कोणाच्या नावे नोंदले जात आहे? संकेतस्थळ बांधून देणाराच ते आपल्या नावे घेतो, असे अनेकदा घडते आणि पुढे बोधचिन्हासह ओळखच परक्याच्या ताब्यात जाते. उत्पादनांची यादी, ग्राहकांची नोंद आणि जुन्या मागण्या साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येतात काय? मुक्त स्रोत प्रणालीला परवाना शुल्क नसले, तरी सुरक्षेची अद्यतने दरमहा करणारा माणूस लागतो आणि चार कारागिरांच्या कारखान्यात तो बहुधा नसतो. अशा ठिकाणी भाड्याची यंत्रणा महाग दिसूनही स्वस्त पडते.

व्यवहारात पुष्कळ उद्योग एकाच वेळी दोन्ही मार्ग ठेवतात. नवा ग्राहक बाजारपेठेतून येतो, पुनर्खरेदी स्वतःच्या दुकानात होते. पार्सलमध्ये आपल्या संकेतस्थळाचे पत्रक घालण्यास मंचाच्या अटी प्रतिबंध करू शकतात, कारण ग्राहक कोणाचा हाच वादाचा मुद्दा असतो. बाजारपेठेत खरेदीदाराची संपर्क माहिती विक्रेत्याला पूर्णपणे मिळत नाही. स्वतःच्या दुकानात ती मिळते, पण डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ नुसार संमती आणि जतनाची जबाबदारीही तिच्याबरोबर येते.