हिरवे टोमॅटो : तळण्याऐवजी भाजणे हितावह

टोमॅटोचा हंगाम संपत येतो तेव्हा झाडावर काही फळे हिरवीच शिल्लक राहतात. थंड प्रदेशात पहिले दहिवर पडण्यापूर्वी ती तोडून घ्यावी लागतात, अन्यथा ती झाडावरच नासून जातात. या फळांचा उपयोग करण्याच्या गरजेतून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एक पदार्थ रूढ झाला. हिरव्या टोमॅटोच्या चकत्या ताकात बुडवावयाच्या, मक्याच्या जाडसर पिठात घोळावयाच्या आणि बिडाच्या तव्यात चरबीवर वा तेलावर तळावयाच्या, असे त्याचे स्वरूप आहे. आज हा पदार्थ तेथील दक्षिणेकडील राज्यांची ओळख मानला जातो. तथापि विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य-पश्चिमेकडील राज्यांच्या वृत्तपत्रांतही त्याच्या कृती छापून येत असत. फॅनी फ्लॅग यांच्या 1987 मधील कादंबरीच्या आणि तीवर आधारलेल्या 1991 मधील चित्रपटाच्या नावातच हा पदार्थ असल्यामुळे त्याची कीर्ती सर्वदूर पसरली.

अलीकडे त्याच देशातील अनेक घरांत या चकत्या तळण्याऐवजी भट्टीत भाजल्या जातात. चव व कुरकुरीतपणा बऱ्याच अंशी टिकतो आणि तेल मात्र थोडेच लागते. हा बदल लहान दिसला तरी त्यामागील शास्त्र कोणत्याही तळणास लागू पडणारे आहे. म्हणूनच त्याचा परिचय शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि आहारविषयक योजना राबविणारे अधिकारी यांना उपयुक्त ठरेल.

हिरव्या फळात काय असते ?

टोमॅटो हे वांगे, बटाटा व मिरची यांच्याच कुळातील पीक होय. हिरव्या फळात सुमारे 93 टक्के पाणी असते. 100 ग्रॅम कच्च्या हिरव्या टोमॅटोपासून केवळ 23 किलोकॅलरी ऊर्जा मिळते आणि त्यात सुमारे 23 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. लाल फळाला रंग देणारे लायकोपीन हिरव्या फळात जवळजवळ नसते. त्यामुळे हिरवा टोमॅटो लाल टोमॅटोची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. परंतु तो घट्ट व आंबट असतो, चकत्या केल्यावर मोडत नाही, आणि म्हणूनच भाजण्यास सोयीचा ठरतो.

कच्च्या फळात टोमॅटीन नावाचे एक कडवट द्रव्य असते. ते पानांत व अगदी कोवळ्या फळांत अधिक असून फळ पिकू लागताच झपाट्याने कमी होते. शिजविल्याने ते फारसे नष्ट होत नाही. नेहमीच्या प्रमाणात हिरवे टोमॅटो खाण्यास हरकत नाही. मात्र पूर्ण वाढलेली, फिकट पोपटी झाक आलेली फळेच निवडावीत, देठ काढून टाकावा आणि पाने कधीही अन्नात वापरू नयेत.

तळताना काय घडते ?

तळणीचे तेल साधारणतः 170 ते 190 अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असते. पाणी 100 अंशांना उकळते. म्हणून चकती तेलात पडताच तिच्या पृष्ठभागावरील पाण्याची वाफ होऊन ती जोराने बाहेर पडते. कढईत दिसणारे बुडबुडे ते हेच. ही वाफ बाहेर पडत असते तोवर तेलाला आत शिरण्यास फारसा वाव मिळत नाही. चकती बाहेर काढल्यानंतर ती निवू लागते, आतील वाफेचे पाणी होते, दाब कमी होतो आणि पृष्ठभागाला चिकटलेले तेल सूक्ष्म छिद्रांतून आत ओढले जाते. पदार्थात शिरणाऱ्या तेलाचा मोठा भाग अशा रीतीने कढईबाहेर शिरतो. पिठाचे आवरण जितके जाड, तितके तेल धरून ठेवणारी जागा अधिक.

एक ग्रॅम तेलापासून 9 किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून किंवा प्रथिनापासून सुमारे 4. मुळात अत्यल्प ऊर्जेची असलेली ही भाजी तळल्यावर जड होते, ती या हिशेबाने.

दुसरा प्रश्न उरलेल्या तेलाचा. तेच तेल पुनःपुन्हा तापविल्याने त्यात अपायकारक घटक वाढत जातात. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय घटकांची मर्यादा 25 टक्के ठरविली असून त्यापलीकडे गेलेले तेल खाद्यपदार्थांसाठी वापरता येत नाही. चकत्या भाजल्या तर उरलेल्या तेलाचा हा प्रश्नच उद्भवत नाही.

भाजण्याची कृती

अर्धा किलो हिरवे टोमॅटो धुऊन पुसून घ्यावेत व त्यांच्या अर्ध्या सेंटिमीटरहून किंचित जाड चकत्या कराव्यात. त्यांवर चिमूटभर मीठ भुरभुरून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. सुटलेले पाणी स्वच्छ फडक्याने टिपून घ्यावे. ही पायरी गाळू नये. चकती ओली राहिली तर भट्टीतील उष्णता पाणी आटविण्यातच खर्च होते आणि आवरण लिबलिबीत राहते. मीठ आधीच लागलेले असल्याने पिठात ते पुन्हा घालू नये.

नंतर चकत्या घट्ट ताकात किंवा फेटलेल्या दह्यात बुडवून मक्याच्या जाडसर पिठात घोळवाव्यात. पिठात तिखट, हळद, जिरेपूड घालता येते. थाळ्याला तेलाचा हात फिरवून चकत्या एकमेकींना न चिकटतील अशा मांडाव्यात व त्यांवर उरलेले तेल कुंचल्याने लावावे. सर्व मिळून दोन चहाचे चमचे तेल पुरते. आधी तापविलेल्या भट्टीत 210 ते 220 अंश सेल्सिअसला सुमारे दहा मिनिटे भाजून चकत्या उलटाव्यात व पुन्हा आठ-दहा मिनिटे ठेवाव्यात. रंग सोनेरी होताच काढाव्यात आणि गरम असतानाच वाढाव्यात. थोडेसे तेल आवश्यकच आहे, कारण त्यायोगे पिठापर्यंत उष्णता नीट पोहोचते. तेल मुळीच न लावल्यास आवरण कोरडे व पिठूळ लागते.

येथे एक दक्षता घ्यावी. पिष्टमय पदार्थ 120 अंशांहून अधिक तपमानाला कोरडे तापविले असता त्यांत ॲक्रिलामाइड हे अनिष्ट द्रव्य तयार होते, असे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी 2002 मध्ये दाखवून दिले. ते तळण्यात होते तसे भाजण्यातही होते. म्हणून चकत्या सोनेरी झाल्या की थांबावे, काळपट होऊ देऊ नयेत. भाजण्याचा लाभ तेल वाचण्यात आहे. भाजलेला पदार्थ वाटेल तितका खावा, असा त्याचा अर्थ नव्हे.

शाळेत करून पाहण्याजोगा प्रयोग

तळणात किती तेल शिरते, हे विद्यार्थ्यांना वजनकाट्यावर दाखविता येते. तळण्यापूर्वी कढईसह तेलाचे वजन करावे. तळणे मोठ्या माणसाने करावे. तेल पूर्ण निवल्यावर त्यातील पिठाचे कण गाळून काढावेत आणि त्याच कढईत पुन्हा वजन करावे. जी तूट येईल ती बहुतांशी पदार्थात गेलेली असते. समजा, अर्धा किलो टोमॅटोच्या चकत्यांसाठी ही तूट 40 ग्रॅम आली, तर तेलापासूनची ऊर्जा 360 किलोकॅलरी झाली. भाजताना लागणारे दोन चमचे तेल सुमारे 9 ग्रॅम, म्हणजे 80 किलोकॅलरी. एका वेळी 31 ग्रॅम तेल वाचले. असा पदार्थ आठवड्यातून दोनदा होत असेल तर वर्षाकाठी एका घरात तीन किलोहून अधिक तेल वाचेल. प्रत्यक्ष तूट किती येते ते विद्यार्थ्यांनी स्वतः मोजावे आणि हिशेब आपल्या आकड्यांवर करावा. गणित, विज्ञान व आरोग्य या तिन्ही विषयांचा पाठ त्यात आपोआप होतो.

आपल्याकडील उपयोग

महाराष्ट्रात जुन्नर तालुक्यातील नारायणगाव आणि निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंत येथील टोमॅटोच्या बाजारपेठा प्रसिद्ध आहेत. दाण्याचे कूट घातलेली हिरव्या टोमॅटोची भाजी व चटणी आपल्याकडे पूर्वापार केली जाते. कोकणात वांग्याचे व सुरणाचे काप रवा किंवा तांदळाचे पीठ लावून तव्यावर थोड्या तेलात भाजतात. हिरव्या टोमॅटोच्या चकत्याही त्याच रीतीने होतात. मक्याच्या पिठाऐवजी ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठ आणि थोडा रवा घेतला तरी चालते.

बहुसंख्य घरांत भट्टी नसते, ही अडचण खरी आहे. अशा ठिकाणी जाड तवा, मंद आच आणि चमच्याने मोजून घातलेले तेल हा उत्तम पर्याय होय. चकत्यांवर झाकण ठेवू नये, नाहीतर वाफ कोंडून त्या मऊ पडतात. टोमॅटो आंबट असल्याने शिजलेला पदार्थ लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवून देऊ नये. गावात पाव-बिस्किटांची बेकरी असल्यास पाव काढल्यानंतर तापलेल्या भट्टीचा उपयोग महिला बचत गटांना करून घेता येईल. शाळेच्या परसबागेत हंगामाअखेर उरलेली हिरवी फळे अशा प्रात्यक्षिकासाठी उपयोगी पडतील. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांनी हा पदार्थ बेताने खावा, आणि मूत्रपिंडाच्या विकारामुळे पथ्यावर असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

हा विषय केवळ चवीचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण सुमारे 10 कोटी 10 लाख आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये जाहीर केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतही तेलाचा वापर बेताचा ठेवण्यावर भर दिला आहे. शिवाय देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून आणावे लागते.

सणासुदीचे तळण बंद करावे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु रोजच्या जेवणात जे भाजून होते ते तळू नये, एवढा नियम घरोघरी पाळला गेला तरी पुष्कळ साधेल. ग्रामसभा, माता-पालक मेळावे आणि अंगणवाडीतील आहार-प्रात्यक्षिके यांतून तव्यावरची एक चकती लोकांना चाखावयास दिली, आणि शेजारी तेलाच्या हिशेबाचा फळा ठेवला, तर हा नियम पटण्यास विलंब लागणार नाही.