रक्तविकार व कर्करोगतज्ज्ञ कसा घडतो?

बारावीला चांगले गुण मिळाले की घरात ‘डॉक्टर व्हायचे’ असे ठरते. परंतु एम.बी.बी.एस. ही वैद्यकीय शिक्षणाची केवळ पहिली पायरी आहे. विद्यार्थी व पालकांना पुढचा मार्ग कळावा म्हणून एका शाखेची ओळख येथे करून देत आहे.

शिक्षणाच्या पायऱ्या अशा :
१) ‘नीट’ परीक्षेद्वारे एम.बी.बी.एस. : इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे.
२) जनरल मेडिसिन किंवा बालरोग या विषयात एम.डी. : ३ वर्षे.
३) ‘नीट-एस.एस.’ परीक्षेद्वारे डी.एम. : ३ वर्षे. रक्तविकारांसाठी क्लिनिकल हिमॅटॉलॉजी, तर कर्करोगावरील औषधोपचारांसाठी मेडिकल ऑन्कॉलॉजी.
४) त्यानंतर, इच्छा असल्यास, बोनमॅरो प्रत्यारोपणासारख्या एकाच कामाची फेलोशिप : साधारण एक-दोन वर्षे.

एवढी वर्षे कशासाठी? केमोथेरपीचे औषध कर्कपेशींबरोबर अस्थिमज्जेतील निरोगी पेशीही मारते. पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाला आलेला साधा तापही काही तासांत जिवावर बेतू शकतो. औषध किती द्यावे, केव्हा थांबवावे, हे अनुभवी गुरुजनांच्या हाताखाली वॉर्डात राबूनच समजते.

डॉ. सुरेश अडवाणी यांचे उदाहरण पाहा. वयाच्या आठव्या वर्षी पोलिओ झाल्याने ते व्हीलचेअरवर आले. तरीही मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकले. पुढे अमेरिकेतील सिॲटल येथे बोनमॅरो प्रत्यारोपणाचे प्रशिक्षण घेऊन ते परतले आणि १९८३ साली टाटा मेमोरियल रुग्णालयात रक्ताचा कर्करोग झालेल्या एका लहान मुलीवर भारतातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण त्यांनी केले. २०१२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. एका डॉक्टरने घेतलेले प्रशिक्षण साऱ्या देशाच्या उपयोगी पडते ते असे.

१९४१ साली परळला सुरू झालेल्या टाटा रुग्णालयात आज डी.एम.चे शिक्षण मिळते. त्याच संस्थेचे ‘ॲक्ट्रेक’ हे केंद्र खारघरला, म्हणजे रबाळ्याहून पनवेल लोकलने थेट जाता येईल इतके जवळ आहे.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार विदर्भातील आदिवासी व अनुसूचित जातींमध्ये मोठ्या प्रमाणात आढळतो. नवी मुंबईतील आपल्या अनेक कुटुंबांचे मूळ गाव तिकडचेच आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. लग्नापूर्वी रक्ततपासणी केल्यास हे आधीच कळते. २०२३ साली केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. पण मोहिमेला तज्ज्ञ डॉक्टर हवेत, आणि ते आपल्यातूनही यायला हवेत.

पालकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, खरा आर्थिक भार पहिल्या साडेपाच वर्षांचा असतो, एम.डी. व डी.एम. करताना विद्यावेतन मिळते. शैक्षणिक कर्जाचे हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात, पण व्याज पहिल्या उचलीपासून लागते. शिक्षण चालू असतानाच व्याज भरत गेल्यास बोजा वाढत नाही. दुसरी, एम.बी.बी.एस. व एम.डी.च्या प्रवेशात आरक्षण आहे, मात्र डी.एम.ला सर्वसाधारणपणे ते नाही. तेथे गुणवत्ता यादीतील क्रमांकच उपयोगी पडतो. म्हणून मुलाची एम.बी.बी.एस. झाल्यावर लगेच कमाईला लागण्याची घाई घरच्यांनी करू नये. त्याला अभ्यासाला आणखी काही वर्षे द्यावीत.