ऑपरेशननंतरची तपासणी आणि अभ्यासाला संमती



स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन होऊन जखम भरली, की पुष्कळ भगिनी पुन्हा शेतात, तंबाखूच्या वखारीत कामाला लागतात आणि तपासणीची तारीख राहून जाते. त्यातच दवाखान्यात "आमच्या अभ्यासात भाग घ्याल का?" असे विचारले, तर घरचे घाबरतात: आमच्या बाईवर प्रयोग करणार काय?

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०११ पासून देशातील ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या जणींना ऑपरेशनच्या थोडे आधी गाठीभोवती भुलीचे साधे, स्वस्त इंजेक्शन दिले. पाच वर्षांनी इंजेक्शन न दिलेल्या शंभरांतील सुमारे ८६, तर दिलेल्या शंभरांतील सुमारे ९० जणी हयात होत्या. हे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्या भगिनी वर्षानुवर्षे तपासणीला येत राहिल्या, म्हणूनच हा फरक कळला.

तुम्हाला विचारले, तर हे ध्यानात ठेवा:

१. माहितीपत्रक कानडीत किंवा इंग्रजीत असेल, तर मराठीत मागा. वाचता येत नसल्यास साक्षीदारासमोर वाचून घ्या. मगच सही किंवा अंगठा.

२. काय वेगळे करणार, त्रास कोणता, खर्च कोणाचा, हे विचारा.

३. नाही म्हणण्याचा आणि मध्येच बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला आहे. त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

अभ्यासात असा वा नसा, पहिली काही वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवा. मॅमोग्राफी वर्षातून एकदा. नवी गाठ, हाताला सूज, हाडांत सतत दुखणे असेल, तर तारखेची वाट पाहू नका.

चांगल्या शोमरोन्याने जखमा बांधल्या, आणि परत येतो असेही सांगितले. घरच्या पुरुषांनो, ती तारीख कॅलेंडरवर लिहा आणि तिच्यासोबत जा.