आजीजवळ जावे ते कशासाठी?

आजचे युग धावपळीचे आहे. कुंभार पिंपळगावसारख्या गावांतून शिकून पुण्या-मुंबईला गेलेली आपली मुले चांगल्या नोकरीला लागली. पण पगार वाढला तशी झोप कमी झाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा मराठवाड्यातील असे कितीतरी तरुण गावी परतले. संगणकावरचे काम घरून करता करता अनेकांना कळत्या वयात प्रथमच आजी-आजोबांचा दीर्घ सहवास लाभला. टाळेबंदी उठली आणि तरुण परत गेले. तो सहवास पुढे टिकवावा कसा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

साधेपणामागचा इतिहास

शहरातून आलेल्या नातवाला आजीची दोन लुगडी, चूल आणि ठेचा-भाकरी पाहून वाटते, आजी किती सुखी! परंतु हा साधेपणा तिने हौसेने घेतलेला नाही. आज ऐंशीच्या घरात असलेली आजी १९७२ च्या दुष्काळात ऐन उमेदीतली बाई होती. पैठणचे धरण तेव्हा पूर्ण व्हावयाचे होते. बायाबापड्यांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली. परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, लेकरांना सुकडी चारली. विहिरी आटल्या, पण पाणवठ्यावरचा भेद आटला नव्हता.

या अनुभवातूनच रोजगार हमी योजनेला बळ आले. महाराष्ट्राने १९७७ साली तिचा कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. केंद्राचा २००५ चा कायदाही त्याच वाटेने आला. ज्या हातांना आपण अडाणी म्हणतो, त्यांचा या कायद्यामागे असा वाटा आहे.

आजीचे दुःख नातवाच्या दुःखापेक्षा मोठे होते, पण ते एकटीचे नव्हते. कामावर टोळीने जाणे, पीठ हातउसने घेणे, शेजारणीचे मूल सांभाळणे, यांतून तिने दिवस काढले. नातू मात्र हप्त्यांची आणि नोकरीची काळजी एकटाच वाहतो. आजीकडून शिकावयाचे ते हेच.

पैसा आणि भेट

मी बँकेत कारकून आहे. श्रावणबाळ योजनेचे मानधन २०२३ मध्ये १५०० रुपये झाले; ते आले का, हे विचारायला वृद्ध मंडळी खिडकीवर येतात. नातवाने मोबाईलवरून पाठविलेले पैसेही क्षणात जमा होतात. एका आजीने मला विचारले, "पैसे आलेले दिसतेत तुमच्यात, मग त्यो कवा येणार ते नाही का दिसत?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार निर्वाहाची जबाबदारी सज्ञान नातवंडांवरही येऊ शकते. परंतु कायदा पोटगी देववील, सोबत देऊ शकणार नाही.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

१) सुटीत चार दिवस आजी-आजोबांजवळ मुक्काम करावा आणि मोबाईल बाजूला ठेवावा.
२) १९७२ साली कोणत्या कामावर होता, काय खाल्ले, कोणी मदत केली, कोणी नाकारली, हे विचारून वहीत गाव व सालासह लिहावे.
३) आपली अडचण त्यांना सांगावी. त्यांना संगणक कळणार नाही, काळजी कळेल.

मित्रांनो, दुष्काळ पाहिलेली ही पिढी थोडी उरली आहे. तिच्याबरोबर आपल्या घराचा न लिहिलेला इतिहासही जाणार आहे. म्हणून नुसत्या विश्रांतीसाठी गावी जाऊ नये. वही घेऊन जावे आणि आजीजवळ बसावे.