तीन बाटल्या आणि एक मेलेली क्लेरिक

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, माझी क्लेरिक मेली आणि तिच्या झोळीत हीलिंगची तीन पोशनं तशीच होती," तेव्हा मला हसूच आवरेना. रागावू नकोस. डंजन्स अँड ड्रॅगन्स नव्याने खेळणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. आई चांगल्या कपबश्या पाहुण्यांसाठी कपाटात ठेवते ना, तशी आपण बाटली शेवटच्या मोठ्या लढाईसाठी राखून ठेवतो. आणि मधल्याच कुठल्या तरी ओगर राक्षसाच्या सोट्याने आडवे होतो.

पण घाबरून लगेच पिणं हाही उपाय नाही. हिशेब बघ. साधं हीलिंगचं पोशन म्हणजे चार बाजूंचे दोन फासे अधिक दोन, सरासरी सात एचपी, म्हणजे हिट पॉइंट. किंमत पन्नास सोन्याची नाणी. ओगरचा एक फटका सरासरी तेराचा. तुमचं टेबल 2014 च्या पुस्तकावर खेळतं, तिथे पोशन प्यायला अख्खी ॲक्शन, म्हणजे त्या टर्नमधली हल्ल्याची संधी, जाते. म्हणजे तू सात कमावलेस, त्याचा फटका बसला तर तेरा घालवलेस, आणि ओगरला ओरखडासुद्धा नाही. निम्मे एचपी शिल्लक असताना भर लढाईत बाटली उघडणं हा तोट्याचा धंदा आहे. त्यापेक्षा त्याला मार. मेलेला ओगर सोटा उगारत नाही.

या खेळात एक एचपीवाला आणि चाळीस एचपीवाला सारख्याच ताकदीने तलवार चालवतात. फरक पडतो तो शून्यावर. शून्य झालं की माणूस बेशुद्ध, हातातलं खाली, आणि प्रत्येक टर्नला वीस बाजूंच्या फाशावर डेथ सेव्ह. दहा किंवा वर आलं तर पास, तीन नापास झाले की खेळ खलास. त्यातून शेजारी उभ्या राहिलेल्या राक्षसाने पडलेल्याला मारलं तर एका फटक्यात दोन नापास. म्हणून बाटलीचं खरं काम पडलेल्याला उठवणं. त्याची हुकणारी टर्न तू परत मिळवून देतेस.

तेही क्रम बघून कर. पडलेल्या फायटरची टर्न ओगरच्या आधी येत असेल तर पाज. तो अर्धी चाल खर्चून उभा राहील, तलवार उचलेल आणि एक घाव घालेल. ओगर आधी असेल तर तुझे सात एचपी त्या सोट्याखाली पुन्हा शून्य होतील. तशा वेळी आधी ओगरला तिथून हटवायचं बघ.

2024 च्या नव्या पुस्तकाने हे सोपं केलंय. पोशन स्वतः पिणं किंवा पाच फुटांवरच्या सोबत्याला पाजणं आता बोनस ॲक्शनमध्ये होतं, हल्ल्याची ॲक्शन शिल्लक राहते. बऱ्याच टेबलांवर त्याच्या आधीपासून हाउस रूल होता: स्वतः प्यायलीस तर बोनस ॲक्शन, दुसऱ्याला पाजलंस तर पूर्ण ॲक्शन. खेळ चालवणारे काही डीएम पूर्ण ॲक्शन खर्च केल्यावर फासे न टाकता सरळ दहा एचपी देतात. मला हा नियम फार आवडतो. टर्न घालवून पाच एचपी मिळाले की जीव जळतो.

आता मनातलं सांगते. तिन्ही बाटल्या तुझ्याच झोळीत का होत्या गं? टिळकनगरच्या त्या टेबलावर तू एकटी मुलगी, म्हणून जखमा भरणारी क्लेरिक तुला आणि औषधाची पेटीही तुलाच, असंच ना? क्लेरिक मनापासून आवडत असेल तर जरूर खेळ. पण बाटल्या सांभाळणं हे काही तिचं काम नाही. तिच्याकडे हीलिंग वर्ड आहे, साठ फुटांवरून बोनस ॲक्शनमध्ये पडलेल्याला उठवते. ज्यांच्याकडे मंत्र नाहीत त्यांच्या कमरेला बाटल्या हव्यात. नाहीतर तू पडलीस की तुला उठवणार कोण, आणि कशाने? काल तेच झालं.

हीलिंग सोडून बाकीची पोशनं मात्र दाराबाहेरच पी. हिल जायंटच्या ताकदीचं किंवा आगीपासून वाचवणारं तासभर टिकतं, ते लढाई पेटल्यावर कशाला काढायचं? लढाई संपल्यावर हीलिंगही पिऊ नकोस, तासाभराच्या शॉर्ट रेस्टमध्ये हिट डाइस वापरून एचपी फुकट भरतात. आणि अनोळखी बाटली चाखून कळते म्हणतात, पण पोशन ऑफ पॉयझन दिसायला, वासाला, चवीला थेट हीलिंगसारखंच असतं. शुक्राचार्यांसारखे शुक्राचार्य पेल्यात काय आहे ते न बघता प्यायले आणि कच त्यांच्या पोटात गेला! दोन पोशनं एकत्र करायचा मोह झालाच, तर या खेळाच्या जनकांपैकी एक असलेल्या गायगॅक्सच्या 1979 च्या पुस्तकातला तक्ता बघ. शंभरात एकदा स्फोट आहे. शंभरात एकदा एका पोशनाचा गुण कायमचा अंगी लागतो, त्याच आशेवर लोक मरतात.

या रविवारी चेंबूर कॅम्पातलं दाल-पकवान संपून फासे बाहेर येण्याआधी डीएमला विचारून घे: पिण्याला काय खर्च, पाजण्याला काय खर्च. नवीन पात्र केलंस की एक बाटली तुमच्या टेबलावरच्या बार्बेरियनवाल्याच्या हातात दे आणि सगळ्यांसमोर सांग, ही माझी आहे, मी पडले की तू पाजायचीस.