दोन भाषा, एक सूर

कॅनडाचा नकाशा पाहिला असतां सेंट लॉरेन्स नदीच्या पात्रांत, क्वेबेक शहराच्या खालच्या अंगास, ग्रोस ईल नांवाचें एक लहान बेट आढळतें. परदेशांतून येणाऱ्या रोग्यांना अलग ठेवण्यासाठीं १८३२ सालीं तेथें ठाणें वसविण्यांत आलें. क्वेबेकच्या लोकसंगीताची कथा सांगतांना या बेटाची आठवण अवश्य झाली पाहिजे.

१८४५ पासून आयर्लंडांत बटाट्याच्या पिकावर रोग पडून घोर दुष्काळ ओढवला. लक्षावधि लोक देशांतर करूं लागले. १८४७ सालीं जहाजांतून ज्वराचे इतके रोगी उतरले कीं, त्या एका वर्षांत पांच हजारांहून अधिक माणसांस या बेटावर मूठमाती द्यावी लागली. शेंकडों मुलें पोरकीं झालीं. धर्मगुरूंच्या खटपटीनें त्यांतील पुष्कळांस फ्रेंच भाषा बोलणाऱ्या कुटुंबांत आसरा मिळाला. भाषा भिन्न होती, परंतु कॅथॉलिक पंथ एकच होता. विशेष हें कीं, कित्येक मुलांचीं आयरिश आडनांवें तशींच राहूं दिलीं गेलीं.

आतां संगीताकडे वळूं. एकानें ओळ म्हणावी व बाकीच्यांनीं ती उचलून धरावी, अशीं गाणीं फ्रेंच वसाहतवाल्यांनीं पूर्वींच आपल्या देशांतून आणिलीं होतीं. पुढें स्कॉटलंडच्या लोकांनीं आपल्या जलद नृत्याच्या चाली आणिल्या. त्यांना 'रील' म्हणतात. आयरिश लोकांनीं त्यांत आपल्या रील व जिग या चालींची भर घातली. सबब, या मिश्रणाचें सारें श्रेय एकाच लोकांस देणें न्याय्य होणार नाहीं.

हा मेळ बसला तो हिवाळ्याच्या रात्रीं, स्वयंपाकघरांतील बैठकींत. तेथें फिडल वाजविणारा खुर्चीवर बसून टांचा व चवडे जमिनीवर आपटून ताल धरतो. ही क्वेबेकची मोठी खूण आहे. 'त्युर्लुत' नांवाच्या प्रकारांत अर्थहीन अक्षरांनींच चाल गातात. आयर्लंडांतही असाच प्रकार आहे. शब्दच नाहींत तेथें भाषेची अडचण ती कसली?

मेरी ट्रॅव्हर्स (१८९४–१९४१) ही बाई या मेळाचें मूर्तिमंत उदाहरण होय. पित्याकडून आयरिश वंशाची, मातेकडून फ्रेंच. लहानपणींच ती माँट्रियल शहरीं घरकामास गेली. पुढें 'ला बोल्ड्युक' या नांवानें तिनें गरिबांच्या सुखदुःखांचीं फ्रेंच गाणीं रचिलीं व त्यांत त्युर्लुत गुंफिली. ज्याँ कारिन्याँ (१९१६–१९८८) हा टॅक्सी चालवून पोट भरी. परंतु आयरिश वादक मायकेल कोलमन याच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यानें ती शैली आत्मसात केली. १९७६ सालीं स्थापन झालेल्या 'ला बोतीन सूर्यांत' या वाद्यवृंदानें हीं गाणीं देशोदेशीं पोंचविलीं.

ग्रोस ईलवर १९०९ सालीं उभारलेला दगडी क्रूस मृतांचें स्मरण करून देतो; जे वांचले त्यांचें स्मरण फिडलच्या तारांवर आहे. विद्यार्थिमित्रहो, घरीं आलेल्या परक्या पोराचें नांव ज्यांनीं पुसलें नाहीं, त्यांच्या घरांत त्याचें गाणेंही नांदलें. आश्रय देणारा केवळ देतच नाहीं, त्याला पुष्कळ मिळतेंही, एवढा बोध या सुरांतून घेतला तरी पुरे.